साय वर राहिली पाहिजे

त्या शनिवारी सकाळी मी डेअरीच्या दारात उभी होते. हातात स्टीलचा डबा, डब्यात पाव किलो क्रीम, सेपरेटरमधून नुकतीच निघालेली. पायरी उतरते तोच पिशवीतला मोबाईल वाजला. मार्थाची भाची शीला बोलत होती. ती श्रीरामपूरला असते आणि गेला आठवडाभर आजारी आत्याजवळ येऊन राहिली होती. "मावशी, आत्या गेली," एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, "कुठं गेली?" माझ्या वयाच्या बाईनं असा प्रश्न विचारावा... पण विचारला खरा. शीला रडायला लागली, तेव्हा मला कळलं. घरी जाऊन डबा ठेवावा आणि मग जावं, हेसुद्धा सुचलं नाही. तशीच मार्थाच्या घरी गेले. पहाटे झोपेतच गेली होती. चेहरा शांत होता, केस शीलानं नीट विंचरले होते. चर्चमधली माणसं जमू लागली होती. कुणीतरी माझ्या हातातला डबा घेतला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी दफनविधी झाला, तोवर तो तिथंच होता. मी परत घेऊन आले तेव्हा क्रीम आंबली होती. तिचं तूप कढवलं, पण मला ते खाववेना, म्हणून कामाच्या बाईला देऊन टाकलं.

क्रीम कशासाठी होती, हे सांगितल्याशिवाय मार्थाबद्दल लिहिता येणार नाही. आणि सांगितलं की आमच्या गावात, देवळालीत, दोन-चार दिवस माझ्याबद्दल बोललं जाईल. इथल्या शाळेत माझी सगळी नोकरी झाली, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होते. निम्मं गाव मला बाई म्हणतं. गणेशोत्सवात बक्षिसं वाटायला आणि व्यसनमुक्तीच्या फेरीत पुढं चालायला मला बोलावतात. तर या बाई गेली पाच वर्षं दर शनिवारी संध्याकाळी मार्था साळवे हिच्या घरी बसून व्हिस्की घातलेली कॉफी पीत होत्या. झालं, लिहून टाकलं. पुण्याला माझा मुलगा हे वाचेल आणि रविवारच्या फोनवर एक मिनिट जास्त बोलेल, एवढाच काय तो फायदा.

मार्था आणि मी सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. तिचे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, माझ्या वडलांची प्रवरेच्या पाटाखाली उसाची शेती होती. सातवीनंतर ती नगरला बोर्डिंगमध्ये गेली, तिथून नर्सिंगला. मी डी.एड. करून गावातच मास्तरीण झाले, लग्नही जवळच्याच गावात झालं. मार्थानं लग्न केलं नाही. नगर, मग पुणे, आणि पंचेचाळिशी उलटल्यावर, जेव्हा माणसं गुडघ्याला तेल लावायला लागतात तेव्हा, ही बाई थेट आयर्लंडला गेली. तिथं वृद्धाश्रमासारखं एक नर्सिंग होम होतं, त्यात तिनं सतरा-अठरा वर्षं काढली. नाताळात तिचं एक कार्ड यायचं, त्यावर मेंढ्या आणि हिरवळ. मी उत्तर लिहायचं ठरवायची आणि मार्चच्या परीक्षा यायच्या. खरं सांगायचं तर मी तिला जवळजवळ विसरले होते.

ती परत आली तेव्हा माझे यजमान जाऊन वर्ष झालं होतं. संध्याकाळ झाली की मला घर खायला उठायचं. दिवसभर काहीतरी चालायचं, पण सहा वाजले की हातांना काम नसायचं. अशाच एका संध्याकाळी दारात एक ठेंगणी, फिकट पडलेली बाई उभी. अंगात स्वेटर, पायात बूट आणि नेसूची साधी सुती साडी. मला वाटलं, जनगणनेवाली असेल. ती म्हणाली, "काय गं, अजून मान वाकडी करूनच बघतीस व्हय?" इतकी वर्षं परदेशात राहून आली, पण बोलण्यातलं हाय-न्हाई तसंच होतं. उलट मीच शाळेत शुद्ध बोलून बोलून कोरडी झाले होते. त्या दिवशी मी किती वर्षांनी पोटभर हसले.

तिनं आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे वडलांचंच जुनं घर दुरुस्त करून घेतलं होतं. दोन खोल्या, मागं पेरूचं झाड. पहिल्याच शनिवारी तिनं मला संध्याकाळी बोलावलं. टेबलावर दोन ग्लास मांडले होते, जाड काचेचे, खाली दांडी आणि बाजूला कान असलेले. ती म्हणाली, "कॉफी करते, बस." मग तिनं कपाटातून बाटली काढली. मी उठून उभीच राहिले. "अगं, ही दारू आहे." मार्था शांतपणे म्हणाली, "औषधाच्या टोपनानं मापून दोन टोपनं घालनार हाय. तू बस."

ती कॉफी अशी. ग्लास आधी कढत पाण्यानं विसळून घ्यायचा. बिनदुधाची दाट कॉफी, त्यात चिरलेला गूळ, विरघळेपर्यंत ढवळायचं. तिकडे तपकिरी साखर घालतात, इकडे मार्थानं गुऱ्हाळाचा गूळ धरला. मग खोकल्याच्या औषधाबरोबर येतं त्या टोपणानं दोन टोपणं व्हिस्की. आणि सगळ्यात वर गार साय, जराशीच फेटलेली, चमचा पालथा धरून त्याच्या पाठीवरून हलकेच सोडायची. ढवळायचं नाही. खाली काळं कढत, वर पांढरं गार, आणि गारातून कढत प्यायचं. व्हिस्की अर्थातच तिकडची नसायची, आपल्याच बाजारतळावरची. मार्था म्हणायची, "आयरिश कुठली आनायची? ही आपल्या उसाच्या मळीचीच असनार. तुझ्या बापाचा ऊस हाय म्हन आन पी."

पहिल्या दिवशी मी प्यायले नाही. तिनं माझ्यासाठी बिनव्हिस्कीची केली, काही तक्रार न करता. दुसऱ्या शनिवारीही तसंच. तिसऱ्या शनिवारी तिनं मला नोराची गोष्ट सांगितली. आयर्लंडमध्ये मार्था ज्या घरात खोली घेऊन राहायची, त्या घराची मालकीण नोरा. एकटी विधवा, मार्थापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी. पहिल्या हिवाळ्यात मार्था ड्युटीवरून यायची तेव्हा चार-साडेचार वाजताच अंधार झालेला असायचा, आणि ती खोलीत जाऊन लाइट न लावता बसायची. एका शनिवारी नोरानं दार वाजवलं आणि तिला खाली स्वयंपाकघरात नेलं. तिथं हेच दोन ग्लास होते, नोराचा आणि तिच्या गेलेल्या नवऱ्याचा. नवऱ्याचा ग्लास तिनं मार्थापुढं ठेवला. नोराचा एकच नियम होता. मार्थानं तो तिच्या पद्धतीनं सांगितला, "एकटीनं प्याली की ती दारू. दोघींनी प्याली की कॉफी." अकरा-बारा वर्षं त्या दोघी दर शनिवारी बसल्या. मग नोरा गेली. जाताना दोन्ही ग्लास मार्थाला देऊन गेली. त्यानंतर मार्था तिकडे आणखी सहा वर्षं होती. मी विचारलं, "मग तेव्हा कुणाबरोबर प्यायचीस?" ती म्हणाली, "कुनाबरूबर न्हाई. पेटीत हुते ग्लास." सहा वर्षं... हे ऐकल्यावर मी ग्लास पुढं केला आणि म्हणाले, "एक टोपण घाल." तिनं दोन घातली.

आमच्या चुकांची यादी मोठी आहे. पहिली चूक सायीची. मार्थानं तिकडे क्रीम कार्टनमधली वापरलेली, इथं आम्ही घरी रतीबानं येणाऱ्या म्हशीच्या दुधाची साय घेतली, तापवून गार केलेल्या दुधावर येते ती. ती पालथ्या चमच्यावरून ओघळायचंच नाव घेईना. पडली ती एक गठ्ठा होऊन पडली आणि कॉफीत मधोमध बसली, वरून तुपाचे डोळे. मार्था म्हणाली, "ही तर लापशी झाली." मग चार-पाच शनिवार गेल्यावर डेअरीतली सेपरेटरची कच्ची क्रीम आम्हाला सापडली. ती आणण्याचं काम माझ्याकडे आलं. डेअरीवाल्याला वाटायचं, बाई मुलासाठी लोणी काढून पाठवतात. मी तसं वाटू दिलं.

दुसरी चूक फक्त माझी. मार्थाला दम लागला होता म्हणून ती बसली आणि मला म्हणाली, आज तू कर. मी घाईघाईनं ग्लास न विसळता त्यात कढत कॉफी ओतली. हिवाळ्याचे दिवस, ग्लास थंडगार. टप् असा आवाज आला आणि ग्लासाला वरपासून दांडीपर्यंत चीर गेली, कॉफी सगळ्या टेबलावर. तो नोराच्या नवऱ्याचा ग्लास होता, मार्थानं आयुष्याचा एक तुकडा ज्याच्यातून प्यायला होता तो. मी रडायला लागले. मार्थानं फडकं आणलं, टेबल पुसलं, काचा गोळा केल्या आणि मांडणीवरून एक स्टीलचं फुलपात्र काढून विसळलं. "नोराचा ग्लास राहिला ना? तो तुझा. मला ह्यात चालतंय," ती म्हणाली. मी म्हणाले, "फुलपात्रात काळं-पांढरं दिसणार कसं?" तर म्हणाली, "मी लई वर्सं बघितलंय. तू बघ." त्यानंतर शेवटपर्यंत ग्लास माझ्यापुढं आणि फुलपात्र तिच्यापुढं, असंच राहिलं. मी कितीदा अदलाबदल करायचा प्रयत्न केला, तिनं करू दिली नाही.

तिसरी गोष्ट गुळाची. मला मधुमेह आहे. मार्था नर्स असल्यामुळे माझ्या पथ्यावर तिची घारीसारखी नजर. आठवडाभर ती मला पेरूची फोड मोजून द्यायची, पण शनिवारचा गूळ माफ. एकदा माझं रक्त तपासून आलं होतं, आकडा चढलेला, म्हणून मी तिची पाठ वळलेली बघून माझ्या ग्लासात गूळ घातलाच नाही. साय सोडली, तर ती सरळ खाली गेली आणि सगळं खडूच्या पाण्यासारखं झालं. मार्थानं लांबूनच ओळखलं. "गूळ न्हाई घातला. गोडाशिवाय ती वर ऱ्हात न्हाई." खरं-खोटं बघायला आम्ही पुढच्या शनिवारी शाळेतल्यासारखा प्रयोगच केला, एकात गूळ, एकात नाही. ती बरोबर होती. पण गूळ घालूनही माझ्या हातची साय कधी वर राहिली नाही. चमचा तिरका व्हायचा, नाहीतर मी घाई करायची. निम्मी वर, निम्मी ढग होऊन खाली. मार्था ग्लास उजेडाकडे धरायची, एक डोळा मिटून बघायची आणि मास्तरांच्या थाटात म्हणायची, "अजून न्हाई." पाच वर्षांत माझा निकाल तोच राहिला.

आता व्हिस्कीबद्दल. बाजारतळाजवळ दारूचं दुकान आहे, जाळीच्या खिडकीचं. महिन्या-दीड महिन्यातून एकदा मार्था तिथं जायची. सकाळी अकरा वाजता, भरबाजारात, चष्मा लावून, हातात नायलॉनची पिशवी. कागदात गुंडाळू द्यायची नाही. बाटली मेथीच्या जुडीशेजारी उभी ठेवायची आणि बूच दिसत राहायचं. तिच्या चर्चमध्ये यावरून बोलणं झालं होतं. पाळकांनी घरी येऊन तिला हळूच सुचवलं होतं. तिनं त्यांना बसवलं, चहा दिला, बाटली काढून दाखवली आणि महिन्याला किती टोपणं जातात हे सांगितलं. ते पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. मी मात्र तिच्याबरोबर बाजारात गेले तरी दुकानापर्यंत कधी गेले नाही. समोरच्या बाजूला रसवंती आहे, तिथं मी तिच्याकडे पाठ करून उभी राहायची. मधुमेह असलेली बाई रसवंतीपाशी काय करते, हे कुणी विचारलं नाही हे माझं नशीब. मार्था रस्ता ओलांडून आली की म्हणायची, "झाली का तुझी चोरी? माझ्यामागं तुला कोन आनून देईल गं?" मी म्हणायची, तुझ्यामागं मी कॉफी सोडून देईन. दोघी हसायचो.

गेल्या पावसाळ्यानंतर तिचं हृदय थकत गेलं. पायांना सूज, दोन पायऱ्या चढली की धाप. नगरला नेऊन आणलं, डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि मीठ बंद केलं. आपल्याला काय झालंय हे तिला डॉक्टरांइतकंच कळत होतं. शनिवारची कॉफी चालू होती, फक्त तिच्या फुलपात्रात आता एकच टोपण पडायचं, आणि करायची सगळी मी, ती खाटेवरून सांगायची. टोपणं तेवढी ती स्वतः भरून द्यायची, बाटलीत किती उरलीय ते मी कधी बघितलं नाही. ती जाण्याआधीच्या बुधवारी सकाळी मी गेले तेव्हा ती उशांना टेकून बसली होती. शीला आत अंगाला पाणी तापवत होती. मार्था म्हणाली, "बाटली संपली. आज तू जाऊन आन." मी म्हणाले, "शीलाला सांगते." तिनं मान हलवली. "शीला न्हाई. तू जा." नेहमीसारखं चेष्टेत बोलत नव्हती. माझा हात धरून बोलत होती.

मी गेले. पिशवी घेऊन, पाकिटात पैसे घेऊन बाजारतळावर गेले आणि सवयीनं रसवंतीपाशी थांबले. समोर दुकान उघडं होतं. दोन-तीन गिऱ्हाइकं होती, ती गेली. खिडकी मोकळी झाली. रस्ता तो केवढा, वीस पावलं. आत गल्ल्यावर संजय होता, माझाच विद्यार्थी, आता पन्नाशीला आलेला, दुसरीत असताना पाढे म्हणताना डोळे मिटायचा. शेजारच्या भाजीवाल्या बाईची नात माझ्या हाताखालून गेलेली. कोपऱ्यावर पतसंस्थेत आमच्या शाळेतलेच निवृत्त सर बसलेले. मी तिथं किती वेळ उभी होते, सांगता येत नाही. रसवंतीवाल्यानं दोनदा विचारलं, बाई, बिनबर्फाचा देऊ का? मी परत फिरले. मार्थाकडे जाऊन म्हणाले, "अगं, आज ड्राय डे आहे, दुकान बंद."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग समोरच्या भिंतीवर चर्चचं कॅलेंडर होतं तिकडे बघितलं. साधा बुधवार होता, कुठली जयंती नाही, कुठली निवडणूक नाही. मी आयुष्यभर मुलांची खोटी कारणं ओळखत आले, माझं कारण इतकं कच्चं होतं की तिसरीतल्या पोरानंही दिलं नसतं. मार्था म्हणाली, "असं व्हय? मग ऱ्हाऊ दे." आणि थोड्या वेळानं, "क्रीम तरी आनशील ना शनिवारी?" मी म्हणाले, आणीन. आमचं शेवटचं धड बोलणं हेच. गुरुवार, शुक्रवार ती बहुतेक झोपूनच होती. आणि शनिवारी मी क्रीम आणली...

दफनविधीनंतर पंधरा-वीस दिवसांनी शीला घर आवरायला आली आणि तिनं मला बोलावलं. मार्थाच्या साड्या, बायबल, औषधांचा डबा, सगळं नीट लावलेलं. शीला म्हणाली, "मावशी, हे तुमचं असणार." तिनं टेबलावर नोराचा ग्लास ठेवला, फुलपात्र ठेवलं, चमचा ठेवला. मग कपाटाच्या खालच्या खणातून टॉवेलमागून एक बाटली काढली. अर्ध्याहून जास्त भरलेली. मार्थाला नर्सची सवय होती, कुठलीही बाटली उघडली की औषधाची असो की तेलाची, तिच्यावर पांढरी चिकटपट्टी लावून उघडल्याची तारीख लिहायची. या बाटलीवरही पट्टी होती. तारीख मी खोटं बोलले त्याच्या अकरा दिवस आधीची, शनिवारची होती. मी ती दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. बाटली संपलेली नव्हती. तिला व्हिस्की नको होती. तिला मला त्या वीस पावलांपलीकडे पाठवायचं होतं, ती असेपर्यंत, म्हणजे परत आल्यावर मला हसायला कुणीतरी घरी असलं असतं. सगळं पिशवीत भरलं. घरी आले आणि ओट्याशी उभी राहून रडले. फसवलं म्हणून नाही. मी इतकी भित्री आहे हे तिला माहीत होतं आणि तरी ती मला शेवटपर्यंत ग्लास देत राहिली, म्हणून.

ती बाटली मी उघडली नाही. तशीच पट्टीसकट माझ्या कपाटात आहे. गेल्या शनिवारी सकाळी अकरा वाजता मी बाजारतळावर गेले. रसवंतीपाशी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा परत फिरले असते. खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. संजय उठूनच उभा राहिला. "बाई, तुमी? निरोप धाडायचा हुता, पोचवली असती." मी म्हणाले, "मार्था सिस्टर न्यायच्या ती दे. छोटी." त्यानं बाटली काढली, कागद ओढला आणि मग स्वतःच ठेवून दिला. "सिस्टर कागद घेत न्हवत्या." पैसे परत देताना खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी तुमी समोर उभ्या हुत्या. मी म्हनलं, इचारावं बाईंना काय पायजे, पन तेवढ्यात तुमी गेल्या." मी म्हणाले, "हो. उभी होते." बाटली पिशवीत उभी ठेवली. परतताना भाजीवाल्या बाईनं पिशवीत बघितलं आणि नंतर माझ्याकडे. मी मेथीची एक जुडी मागितली. तिनं ती दिली आणि नेहमीसारखीच कोथिंबिरीच्या दोन काड्या वर टाकल्या. घरी येऊन दार उघडलं, आत गेले, तर कुणाला सांगणार, आणून दाखवली म्हणून?

संध्याकाळी सहा वाजता मी कॉफी करायला घेतली. दोन. नियम दोघींचा होता. ग्लास कढत पाण्यानं विसळला, दोनदा. गूळ चिरला, दोन्हींत सारखा घातला, शुगरचा विचार न करता. टोपणानं मापलं. या वेळी कॉफी वाटताना मी ग्लास तिच्या बाजूला ठेवला आणि फुलपात्र माझ्याकडे घेतलं. चार वर्षं जमलं नव्हतं ते तेव्हा जमलं, कारण अडवायला कोणी नव्हतं. चमचा पालथा धरला, साय सोडली. घाई करायची गरज नव्हती, पुढं कुठलंच काम नव्हतं, रात्रभर सोडत बसले असते तरी चाललं असतं. मग समोरासमोर बसले, मी आणि रिकामी खुर्ची, आणि फुलपात्रातली कॉफी प्यायले. आत काळं-पांढरं काही दिसत नव्हतं. स्टीलच्या काठाला ओठ भाजले. मार्था चार वर्षं हे असं पीत होती, मला एकदा तरी कळायला हवं होतं. ती कॉफी होती की दारू, ते मात्र ठरवता आलं नाही. समोरचा ग्लास उचलून ओतून टाकायला हात होईना, म्हणून तसाच ठेवून दिवा मालवला.

रविवारी सकाळी उठून टेबलापाशी गेले. थंडीचे दिवस, कॉफी केव्हाच गार झालेली. खिडकीतून ऊन आलं होतं आणि बरोबर ग्लासावर पडलं होतं. खाली काळं, वर पांढरं, मध्ये सरळ रेघ. साय कणभरही खाली उतरली नव्हती. मी ग्लास उजेडाकडे धरला, एक डोळा मिटून बघितलं, आणि थोडा वेळ तशीच उभी राहिले, कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून.